त्या अश्रूंची टिंगल करण्यापूर्वी

२५ नोव्हेंबर २००४ चा दिवस. टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर सुमारे साडेतीन हजार माणसांचा जमाव एका विमानाची वाट पाहत ताटकळत उभा होता. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांतही चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, घरसंसारात मुरलेल्या गृहिणींचा भरणा अधिक होता. कोणी राष्ट्रप्रमुख येणार नव्हता की ऑलिंपिक गाजवून आलेला खेळाडू परतणार नव्हता. येणार होता तो दक्षिण कोरियातील बे योंग-जून नावाचा एक नट. दुसऱ्या दिवशी त्याच्या हॉटेलबाहेर इतकी झुंबड उडाली की काही स्त्रिया जखमी झाल्या आणि त्या नटाला पत्रकारांसमोर येऊन क्षमा मागावी लागली.

जपानी माध्यमांना हा प्रकार म्हणजे चघळायला मिळालेला विषय होता. प्रौढ बायकांनी एका परदेशी नटासाठी असे वेडे व्हावे, त्याच्या नावापुढे 'सामा' हा देवादिकांना, राजकुळाला आणि परमआदरणीय व्यक्तींना लावायचा प्रत्यय लावून त्याला 'योन-सामा' म्हणावे, याची यथेच्छ खिल्ली उडवली गेली. 'ओबासान' म्हणजे मध्यमवयीन बाई. हा मूळचा साधा शब्द त्या दिवसांत कुचेष्टेने उच्चारला जाऊ लागला. या बायकांना घरी काही काम नाही का, त्यांच्या नवऱ्यांचे काय, असे प्रश्न हसत हसत विचारले गेले. त्या रडत का होत्या, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला.

तो प्रश्न आज वीस वर्षे उलटून गेल्यावरही विचारण्याजोगा आहे. कारण कोरियन मालिकांची ती लाट आता जपानच्या किनाऱ्यापुरती उरलेली नाही. ती भारतातही आली आहे आणि मराठी मध्यमवर्गीय घरांतील मुलींच्या, त्यांच्या आयांच्याही हातातील मोबाईलपर्यंत पोहोचली आहे. तिच्याकडे पाहून नाक मुरडणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

एक साधी प्रेमकथा

ज्या मालिकेने हे सारे घडवले तिचे नाव 'विंटर सोनाटा'. यून सोक-हो यांनी दिग्दर्शित केलेली ही वीस भागांची मालिका जानेवारी ते मार्च २००२ या काळात दक्षिण कोरियाच्या केबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवली गेली. कथा तशी सरळ आहे. चुनचॉन गावातील शाळेत जून-सांग नावाचा एक अबोल मुलगा नव्याने दाखल होतो. त्याला वडील कोण हे ठाऊक नाही. किंबहुना त्यांचा शोध घेण्यासाठीच तो तेथे आलेला असतो. वर्गातील यू-जिन या मुलीशी त्याचे स्नेहबंध जुळतात. आणि एका रात्री तो अपघातात गेल्याची वार्ता येते. दहा वर्षांनंतर, बालमित्र सांग-ह्योक याच्याशी वाङ्निश्चय झालेल्या यू-जिनसमोर अमेरिकेहून आलेला मिन-ह्योंग नावाचा वास्तुविशारद उभा राहतो. त्याचा चेहरा हुबेहूब जून-सांगचा. पण त्याला यू-जिन आठवत नाही.

पुढे उलगडते ते असे की, तो जून-सांगच असतो. अपघातात त्याची स्मृती हरपलेली असते आणि पितृहीनतेचे दुःख मुलाच्या मनातून कायमचे पुसले जावे म्हणून त्याच्या आईने उपचारांच्या द्वारे त्याला दुसऱ्याच स्मृती आणि दुसरेच नाव दिलेले असते. मग आईवडिलांच्या पिढीतील जुने प्रेम, जुने दुखावलेपण आणि लपवलेली नाती एकामागून एक पुढे येतात. नायक-नायिका एकाच पित्याची अपत्ये असावीत असा समज होऊन ऐन विवाहाच्या वेळी दोघांना दूर व्हावे लागते. तो समज खोटा ठरतो, तेव्हा नायकाच्या मेंदूतील जुनी इजा डोके वर काढते. अखेरीस दृष्टी गमावलेला नायक आणि त्याची वाट पाहणारी नायिका, तिच्याच कल्पनेतील आराखड्याप्रमाणे समुद्रकाठी उभारलेल्या घरात पुन्हा भेटतात.

अपघात, स्मृतिभ्रंश, जन्माचे गूढ, असाध्य व्याधी ही सारी सामग्री नाटकी आहे, यात शंका नाही. चोखंदळ समीक्षकाने तिच्यातील योगायोग मोजायला घेतले तर त्याचा दिवस जाईल. परंतु कथानकातील योगायोगांसाठी कोणी महिनोन्महिने रडत नाही. प्रेक्षक ज्यासाठी थांबतो ते निराळेच असते.

जपानमध्ये एनएचके या तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेने ही मालिका प्रथम २००३ मध्ये आपल्या उपग्रह वाहिनीवर दाखवली. मागणी इतकी आली की त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे पुनःप्रसारण करावे लागले. एप्रिल २००४ पासून ती मुख्य वाहिनीवर, शनिवारी रात्री अकरा वाजून गेल्यावर दाखवण्यात येऊ लागली. त्या आडवेळेतही ऑगस्टमधील अखेरच्या भागाला टोकियो परिसरात वीस टक्क्यांहून अधिक घरांनी हजेरी लावली. तरीही प्रेक्षकांचे समाधान झाले नाही. जपानी आवाजात रूपांतरित केलेली आणि काटछाट केलेली आवृत्ती नको, मूळ कोरियन संवादांसह संपूर्ण मालिका हवी, असा आग्रह झाला आणि डिसेंबर २००४ मध्ये एनएचकेने तीही दाखवली. ज्या भाषेकडे जपानी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाठ फिरवली होती, ती भाषा कानांनी ऐकण्यासाठी गृहिणींनी धरलेला हा हट्ट होता.

त्यांना काय दिसले?

२००४ मध्ये चाळीस ते साठ वर्षांच्या असलेल्या या स्त्रिया म्हणजे महायुद्धाच्या अखेरीस वा त्यानंतरच्या दोन दशकांत जन्मलेली पिढी. जपानच्या आर्थिक चमत्काराचे श्रेय कारखान्यांना आणि कंपन्यांना दिले जाते. परंतु पहाटे घराबाहेर पडून रात्री उशिरा परतणाऱ्या नोकरदार पुरुषामागचे घर कोणी सांभाळले? मुलांचा अभ्यास, सासूसासऱ्यांची सुश्रूषा, जमाखर्चाची वही हे सारे याच पिढीने आणि तिच्या आधीच्या पिढीतील स्त्रियांनी पेलले. मुले मोठी होऊन दूर गेली, पती निवृत्तीच्या उंबरठ्यावर आले आणि घरात बोलायला कोणी उरले नाही, अशा वयात ही मालिका त्यांच्यासमोर आली.

तिच्यात त्यांना एक असा पुरुष दिसला जो स्त्रीचे बोलणे पूर्ण ऐकून घेतो. शाळेला उशीर झाल्यावर भिंतीवरून उडी मारणाऱ्या मैत्रिणीच्या पायांत वाकून बूट घालणारा मुलगा हा या मालिकेतील एक गाजलेला प्रसंग. त्यात शृंगाराचा लवलेश नाही. आहे ती काळजी. नामी बेटावरील बर्फात दोघे दोन छोटे हिममानव करतात आणि त्यांनाच आधी एकमेकांजवळ आणतात, हा दुसरा. वीस भागांच्या प्रेमकथेत शारीरिक जवळिकीचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आणि तेही संकोचाने भरलेले. वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून सुख घ्यायचे की नाही, दिलेला शब्द मोडायचा की नाही, या प्रश्नांवर ही माणसे रात्र रात्र झुरतात. वाट चुकलेल्याने ध्रुवतारा पाहावा, कारण तो आपली जागा सोडत नाही, हे या कथेचे मध्यवर्ती प्रतीक आहे. ज्या समाजाच्या विवाहविधीत वधूला ध्रुवदर्शन घडवण्याची परंपरा आहे, त्याला या प्रतीकाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

अनेक जपानी स्त्रियांनी त्या काळी बोलून दाखवले की, आपल्याच लहानपणीच्या जपानमध्ये असलेले आणि आता हरवलेले काहीतरी या मालिकेत पुन्हा भेटले. थोरांविषयीचा आदर, मनातील भावना बोलून दाखवताना होणारा संकोच, मित्राच्या दुःखात स्वतःचे सुख बाजूला ठेवण्याची तयारी. टोकियो विद्यापीठातील माध्यमांच्या अभ्यासक काओरी हायाशी यांना हा विषय इतका महत्त्वाचा वाटला की त्यांनी २००५ मध्ये या मालिकेच्या नादी लागलेल्या स्त्रियांवर आणि माध्यमांनी त्यांच्याशी केलेल्या व्यवहारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे आवश्यक आहे. प्रेक्षकाला उत्तानपणाच हवा असतो, संयम कोणी पाहत नाही, हे मनोरंजनाच्या बाजारातील एक लाडके गृहीतक आहे. सवंगपणाचे समर्थन करताना निर्माते नेहमी प्रेक्षकाच्या खांद्यावर बंदूक ठेवतात. जगातील अत्यंत प्रगत, श्रीमंत आणि सर्व प्रकारचे मनोरंजन दाराशी उपलब्ध असलेल्या जपानमधील स्त्रियांनी एका संयत प्रेमकथेला दिलेली दाद हे या गृहीतकाला मिळालेले सणसणीत उत्तर होते. आपल्याकडेही १९८७ मध्ये रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या संथ गतीला, भडक मुकुटांना आणि भाबड्या संवादांना सुशिक्षित वर्तुळांतून हसणारे काही कमी नव्हते. दूरदर्शन संचासमोर हात जोडून बसलेल्या आजीच्या भावनेचा अर्थ त्यांना लागला नाही. दोन्ही मालिकांची जातकुळी वेगळी, हे उघड आहे. परंतु घरात बसून मालिका पाहणाऱ्या स्त्रीला बुद्धी नसते, तिला केवळ डोळे आणि आसवे असतात, ही समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच.

पुसलेली नावे, पुसलेल्या आठवणी

या प्रतिसादाला आणखी एक पदर आहे आणि तो अधिक गंभीर आहे. कोरिया हा जपानसाठी कोणी दूरचा परका देश नव्हता. १९१० पासून १९४५ पर्यंत, पस्तीस वर्षे, कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत कोरियन भाषा शाळांतून हद्दपार झाली आणि १९४० पासून कोरियन माणसांना जपानी धर्तीची नावे घ्यायला लावण्यात आली. ज्या समाजात कुळाचे नाव हा पूर्वजांशी असलेला पवित्र दुवा मानला जातो, तेथे नाव काढून घेणे म्हणजे वंशाची आठवणच पुसणे होते. युद्धकाळात सक्तीच्या मजुरीसाठी नेलेले पुरुष आणि सैन्याच्या वासनेसाठी जुंपलेल्या स्त्रिया यांचे दुःख तर कित्येक दशके कोणी उच्चारलेही नाही. १९९१ मध्ये किम हाक-सुन या वृद्धेने प्रथम उघडपणे आपली कहाणी सांगितली, तेव्हा जग हादरले.

दोन्ही देशांत १९६५ मध्ये करार होऊन राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. परंतु करार झाला म्हणून मने जुळली नाहीत. जपानी चित्रपट, गाणी आणि मालिका यांना दक्षिण कोरियात बंदी होती. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी ती टप्प्याटप्प्याने उठवण्यास आरंभ केला. इकडे जपानमधील नव्या पिढीला या इतिहासाची फारशी जाणीवच नव्हती. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अनेक कोरियन वंशाचे लोक भेदभावाच्या भीतीने आपले खरे नाव लपवून जपानी नावाने वावरत होते. डिसेंबर २००१ मध्ये सम्राट अकिहितो यांनी आपल्या प्राचीन पूर्वजांपैकी सम्राट कान्मु यांची माता कोरियातील बेक्जे राजवंशातील होती, याचा जाहीर उल्लेख केला. तेव्हा त्या साध्या ऐतिहासिक विधानाचेही अनेकांना आश्चर्य वाटले. इतकी दाट विस्मृती साचलेली होती.

या पार्श्वभूमीवर 'विंटर सोनाटा'ची कथा पुन्हा आठवून पाहावी. एका तरुणाची स्मृती पुसली जाते. त्याला दुसरे नाव दिले जाते. ज्यांनी हे केले त्यांचा दावा असतो की हे त्याच्या भल्यासाठीच होते. वडीलधाऱ्यांनी लपवलेले सत्य पुढच्या पिढीच्या मानगुटीवर बसते आणि ते उघड झाल्याखेरीज कोणाचीही सुटका होत नाही. दिग्दर्शकाने हे रूपक म्हणून योजले होते असे म्हणण्याचे कारण नाही; ही शुद्ध प्रेमकथा आहे. परंतु कलाकृती प्रेक्षकाच्या मनात काय जागे करील यावर कर्त्याचा ताबा नसतो. या नाव हरवलेल्या कोरियन मुलासाठी जपानी स्त्रिया रडल्या, हा योगायोग साधा म्हणवत नाही.

आणि त्या केवळ रडून थांबल्या नाहीत. एनएचकेवर १९८४ पासून चाललेल्या कोरियन भाषेच्या पाठांना अचानक नवे विद्यार्थी लाभले. पन्नाशीतील स्त्रिया वही-पेन्सिल घेऊन हंगुल लिपीची अक्षरे गिरवू लागल्या. सेऊलहून चुनचॉनकडे जाणाऱ्या वाटेवरील नामी बेट, नायकाचे घर म्हणून दाखवलेले चुनचॉनमधील एक साधेसे घर या ठिकाणांना तीर्थक्षेत्राची कळा आली. ज्या भूमीवर त्यांच्या पित्यांची वा आजोबांची पिढी राज्यकर्ती म्हणून गेली होती, तेथे या स्त्रिया पाहुण्या म्हणून गेल्या. टोकियोतील शिन-ओकुबो ही कोरियन दुकानांची वस्ती पूर्वी कित्येक जपानी गृहिणींनी पाहिलीही नव्हती. तेथे त्या खरेदीला, जेवायला जाऊ लागल्या आणि वर्षानुवर्षे शेजारी असलेल्या माणसांशी प्रथमच बोलू लागल्या. काहींनी इतिहासाची पुस्तके हाती घेतली. मालिकेने निर्माण केलेल्या ओढीतून एखादी स्त्री शेजारी देशाच्या वेदनेपर्यंत पोहोचली, तर तिच्या अश्रूंना उथळ म्हणण्याचा अधिकार कोणाला उरतो?

या स्त्रियांत एक ठळक नाव होते आकिए आबे यांचे. त्यांचे पती शिंझो आबे हे जपानी राष्ट्रवादी राजकारणाचे अग्रणी. २००६ मध्ये ते प्रथम पंतप्रधान झाले. परंतु आकिएबाईंची कोरियन मालिकांची आवड आणि कोरियन भाषेचा अभ्यास सर्वांना ठाऊक होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. स्वदेशावरील निष्ठा आणि शेजाऱ्याच्या भाषेविषयीची जिज्ञासा एका घरात, एका ताटात जेवू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय. ज्याला आपल्या घराचा भरवसा असतो, त्याला शेजाऱ्याच्या घरातील दिव्याचे भय वाटत नाही.

कोरियन कलावंतांनीही या प्रेमाचा मान राखला. बे योंग-जून आपल्या चाहत्यांना 'कुटुंब' म्हणत असे. २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीचा प्रलय ओढवला तेव्हा मदतीसाठी मोठी रक्कम देणाऱ्यांत तो आघाडीवर होता. याच मालिकेत सांग-ह्योकची भूमिका करणारा पार्क योंग-हा २०१० मध्ये अकाली गेला, तेव्हा त्याला निरोप देण्यासाठी जपानी स्त्रिया सेऊलला धावल्या.

मालिकेने जे साधले नाही

एवढ्यावरून मालिकांनी राष्ट्राराष्ट्रांतील वैर मिटते असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे होईल. २००५ मध्येच जपानमध्ये कोरियाद्वेषाचा पुरस्कार करणारे एक चित्रकथांचे पुस्तक प्रकाशित होऊन तडाखेबंद खपले. २०११ मध्ये कोरियन मालिका फार दाखवल्या जातात म्हणून टोकियोतील एका दूरचित्रवाणी कंपनीसमोर निदर्शने झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही देश ज्यावर हक्क सांगतात त्या डोकदो म्हणजेच ताकेशिमा बेटाला भेट दिली आणि वातावरण एकदम बदलले. जपान सरकारच्या वार्षिक जनमत पाहणीत दक्षिण कोरियाविषयी आपुलकी वाटते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे ६२ टक्के होते. २०१२ मध्ये ते सुमारे ३९ टक्क्यांवर घसरले. २०१३ मध्ये त्याच शिन-ओकुबोच्या रस्त्यांवरून कोरियन लोकांच्या विरोधात गलिच्छ घोषणा देणारे मोर्चे निघाले. अखेर २०१६ मध्ये अशा द्वेषमूलक भाषणांविरुद्ध जपानला कायदा करावा लागला.

म्हणजे जे वर्षानुवर्षांच्या जिव्हाळ्याने कमावले ते काही आठवड्यांत ओसरले. असे का व्हावे? कारण भावनेने दार उघडते, पण आत जाऊन बसण्यासाठी इतिहासाचे ज्ञान आणि सत्याला सामोरे जाण्याचे धैर्य लागते. ते काम मालिकेचे नाही. ते शाळांचे, इतिहासकारांचे आणि राज्यकर्त्यांचे आहे. त्यांनी आपला वाटा उचलला नाही, तर त्याचा दोष प्रेक्षक स्त्रीच्या माथी कसा मारता येईल? उलट असे म्हणावे लागते की, राजकारण बिघडलेले असतानाही ज्या स्त्रियांनी भाषेचे वर्ग सोडले नाहीत, त्यांच्यामुळेच काही धागे शाबूत राहिले. २०२० मध्ये महासाथीच्या दिवसांत 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही कोरियन मालिका जपानमध्ये घरोघरी पाहिली गेली, तेव्हा ती पाहणाऱ्यांत 'विंटर सोनाटा' पाहिलेल्या स्त्रियांच्या मुलीही होत्या.

आपल्या घरातील प्रश्न

भारतातील कोरियन मालिकांचा इतिहास जपानपेक्षा निराळा आहे. मणिपुरात एका फुटीरतावादी संघटनेने सप्टेंबर २००० मध्ये हिंदी चित्रपटांवर बंदी लादली आणि त्या रिकाम्या जागेत कोरियन चित्रपट व मालिका शिरल्या. तेथे परकीय कथांचे आगमन स्वेच्छेच्या रसिकतेपेक्षा बंदुकीच्या धाकाने झाले, हे विसरता येत नाही. दूरदर्शनने २००६ च्या सुमारास 'घर का चिराग' या नावाने एक गाजलेली कोरियन मालिका हिंदीतून दाखवली. टाळेबंदीच्या काळात मात्र या मालिकांनी शहरी घरांत खरी मुसंडी मारली. आज पुण्या-नागपुरातील एखाद्या घरात कन्या कोरियन शब्द पुटपुटताना ऐकू आली, तर वडील कपाळाला आठ्या घालतात आणि आजीला काही कळत नाही.

तेथे चिंता करण्याजोगे काही नाही असे नव्हे. रात्र रात्र जागून पाहणे, चकचकीत चेहऱ्यांच्या हव्यासापायी स्वतःच्या रंगरूपाचा न्यूनगंड बाळगणे, पडद्यावरील प्रेमाच्या मापाने घरच्या माणसाला मोजणे हे धोके खरेच आहेत. 'विंटर सोनाटा'तील कुटुंबनिष्ठेलाही एक काळी बाजू आहे. तेथे थोरांची प्रतिष्ठा जपण्यासाठी लहानांना आयुष्य पणाला लावावे लागते. ही बाजू आपल्या घरांना अपरिचित नाही. म्हणून ती डोळे मिटून गौरवण्याचे कारण नाही.

परंतु पहिला प्रश्न 'कोरियाच का?' हा नसावा. 'आपल्याकडे काय मिळेनासे झाले?' हा असावा. कुटुंबाची थोरवी सांगणाऱ्या आपल्या दैनंदिन मालिका वर्षानुवर्षे काय दाखवत आल्या? एकमेकींच्या जेवणात विष कालवणाऱ्या जावा, कटकारस्थानांत रमलेल्या सासवा, दागिन्यांनी मढून स्वयंपाकघरात डाव रचणाऱ्या स्त्रिया. घराला रणांगण करून त्याला संस्कृतीचे नाव द्यायचे, आणि मुलीने वीस भागांत संपणारी, नायकाने वाकून नायिकेच्या पायांत बूट घालणारी परदेशी कथा पाहिली की संस्कृती बुडाल्याची हाकाटी करायची, यात न्याय नाही. संयम, निष्ठा आणि ऐकून घेणारा पुरुष यांचे चित्र मराठी कथेला अशक्य आहे काय? मराठी साहित्याने ते पूर्वी समर्थपणे रंगवले आहे. उणीव आहे ती विश्वासाची आणि मेहनतीची.

कोरियाने हे यश हातावर हात ठेवून मिळवलेले नाही. १९९७ च्या आर्थिक संकटाने कंबरडे मोडलेले असताना त्या देशाने १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्या भाषेत, आपल्या घरांत, आपल्या गावातील बर्फात घडणारी गोष्ट जग पाहील, असा विश्वास त्यांनी बाळगला. परदेशी प्रेक्षकाला रुचावे म्हणून पात्रांच्या तोंडी इंग्रजी घातली नाही. चुनचॉन हे काही कोरियातील सर्वांत भव्य शहर नव्हे. पण त्या गावाची शाळा, तलाव आणि झाडांची रांग जगाने पाहिली. आपली कोकणातील गावे, विदर्भातील वाडे आणि देशावरील नद्या अशा एखाद्या कथेची वाट पाहत आहेत.

घरातील वडीलधाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनीही या विषयाकडे पाहताना एक पथ्य पाळावे. मुलगी किंवा गृहिणी एखाद्या मालिकेने हेलावली असेल, तर आधी तिला विचारावे की तुला त्यात नेमके काय भावले. उत्तर कदाचित नायकाचा चेहरा असे येईल. तेवढ्यावर न थांबता थोडे धीराने ऐकले, तर पुढचे उत्तरही येईल: तो तिचे ऐकतो, तो दिलेला शब्द विसरत नाही, त्या घरात सगळे एका टेबलाशी बसून जेवतात. अशा उत्तरांत त्या घराविषयीचे एक निवेदन दडलेले असते आणि ते दूरच्या कोरियापेक्षा दिवाणखान्यातील माणसांना उद्देशून असते. जपानमधील नवऱ्यांनी आणि संपादकांनी ते वेळेवर ऐकले नाही. कित्येक स्त्रियांना आपले मन उलगडून दाखवण्यासाठी परदेशी भाषेच्या वर्गात सोबतिणी शोधाव्या लागल्या.

आपल्या घरातील स्त्रीला त्यासाठी इतके दूर जावे लागू नये. ती काय पाहते यावर पहारा बसवण्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी तिच्या शेजारी बसून ते पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल.